परीक्षेचा ढावलो

हळद शिजत होती आणि तिची वाफ सगळ्या तांड्यावर उतरली होती. पहाटेच्या उजेडात कुठलं घर कुणाचं ते कळेना. मिना पिशवी घेऊन दारात उभी राहिली तेव्हा तिला वाटलं, आपण अजून उठलोच नाही, हे सगळं झोपेतच चाललंय. वाफेतून एकेक बाई निघायची, जवळ यायची, तिच्या तोंडावरून हात फिरवायची आणि पुन्हा त्या पांढऱ्यात मिटून जायची.

पण झोप कसली! औरंगाबादची गाडी कनेरगाव नाक्यावर यायची वेळ होत आली होती आणि तिला नाक्यावर सोडायला चुलतभाऊ देविदास मोटारसायकल चालू करून बसला होता. मिनानं दोन वर्षं पोस्टानं सप्लाय चेनचा कोर्स केला होता. माल कुठून निघतो, कुठं साठवतात, वेळेवर कसा पोचवतात, या विद्येची ही पहिली पायरी. कढईखाली जाळ घालता घालता तिनं ती इंग्रजी पुस्तकं वाचली, पेपर दिले, पासही झाली. आता औरंगाबादजवळ वाळूजच्या एका गोदामात महिनाभर काम करून दाखवायची शेवटची परीक्षा तेवढी राहिली होती. उद्या सकाळी तिथं हजर झाली तर महिन्यानं सर्टिफिकेट, आणि त्याच्या जोरावर नोकरी. नाही तर केलेलं सगळं पाण्यात.

अडलं होतं एकाच माणसापाशी. बाबूसिंग, तिचा बाप. हा गडी न्हाई म्हणेना आणि व्हयही म्हणेना. कढईपाशी बसून लाकडं सारत होता, जशी काही घरातली पोरगी नव्हे, शेजारची म्हैस चाललीय. मनातलं त्यानं फक्त बायकोला, बेबीबाईला सांगितलं होतं. तांड्यातून पोरगी एकटी बाहेर पडते ती लग्नातच, आणि एकदा गेली की पुढं पाव्हणी म्हणूनच येते. त्याला भ्या होतं ते एवढंच. आणि इकडं मिनाचं म्हणणं, बापू बोलल्याबिगर मी गाडीवर बसणार न्हाई. बापासारखीच हट्टी, दुसरं काय.

बायका जमल्या खऱ्या, पण त्यांचीही पंचाईत झाली. लग्न न झालेल्या पोरीला निरोप कसा द्यायचा हे तांड्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. ऊसतोडीला जायचं तर सगळेच मिळून जातात, तिथं कोण कुणाला निरोप देणार? शेवटी फुलसिंग नाईकाच्या बायकोनं, जिला सगळे नायकण म्हणतात, तिला येत होतं ते केलं. मिनाला मिठी मारली आणि गळा काढून ढावलो सुरू केला. ढावलो म्हणजे पाठवणीचं रडणं. नवरी एकेकाच्या गळ्यात पडते आणि रडत रडत गाते, मला का रे घालवता म्हणून, आणि बाया तिला साथ देतात.

"काकी, मी सासरी न्हाई चालले," मिना तिच्या खांद्यावरून म्हणाली. "परीक्षेला चालले."

नायकण म्हणाली, रडणं तेच असतंय. हसावं का रडावं हे बायकांना कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

मिनाच्या मात्र ध्यानात एक गोष्ट आली होती. पोरीनं गळ्यात पडून ढावलो गायला की बापाला गप्प बसता येत नाही. रीतच आहे तशी. डोक्यावर हात ठेवून त्यानं म्हणायचंच असतं, जा बाई, सुखानं नांद, मागं वळून पाहू नको. एरवी तोंडातून शब्द न काढणारे बापही तेवढं बोलून गेलेत.

ती वाफेत शिरली. बाबूसिंग आधी दिसलाच नाही, नुसता त्याचा पिवळा हात दिसला. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले आणि सूर धरला. सूर जुना, शब्द मात्र तिचे. तांड्याच्या बोलीत ती गात होती, बापू, सगळ्या लेकी विचारतात मला काहून धाडतो, मी विचारते मला काहून ठेवतो. बापू, पुस्तकात लिहिलंय, जो माल आधी आला तो आधी निघावा. तुझ्या घरात मी आधी आले, भाऊ मागून आला. तो पुण्याला गेला, बापू, मी काहून पडून राहिले. गाता गाता तिला खरंच रडू फुटलं. घर सोडणं म्हणजे काय ते तिला आत्ता कळत होतं, आणि जायचं तर होतंच.

मागं बायकांनी सूर उचलला. त्यातली एकही दिसत नव्हती, वाफच गात होती म्हणा ना. देविदासनं मोटारसायकल बंद केली.

बाबूसिंगनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. हात आपसूक तिच्या डोक्यावर गेला. त्यानं तोंड उघडलं आणि तिथंच थांबला. शब्द पाठ होते, पुतणीच्या पाठवणीला त्यानंच म्हटले होते. पण सुखानं नांद म्हणावं, तर पोरगी नांदायला चालली नव्हती. मागं पाहू नको म्हणावं, तर काहून पाहू नको? विसरला असेल म्हणून नायकणीनं हळूच शब्द सुचवले. त्यानं मान हलवली.

"जा बाई," तो म्हणाला. मग त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "आन परत ये."

ढावलो थांबला. असं कुठल्याच बापानं आजवर म्हटलं नव्हतं, आणि त्यापुढं काय गायचं असतं ते एकाही बाईला येत नव्हतं.