टपावरची खुर्ची

अस्थींचा कलश मांडीवर घेऊन शैलजा पुढच्या सीटवर बसली. रघुवीरने विजेवरची गाडी चालू केली. गाडीने दोघांचं वजन घेतलं, टपावरून वारा कसा जाईल ते पाहिलं आणि स्क्रीनवर उमटलं : नरसोबाची वाडी, थेट पोहोचाल.

साताऱ्याहून थेट वाडी या गाडीने कधी गाठली नव्हती. मोठ्या बॅटरीची ऐपत नव्हती, आणि छोट्या बॅटरीच्या गाडीत एक माणूस वाढला की पल्ला घटायचा. त्यात रघुवीरच्या वडिलांची, अप्पांची चाकांची खुर्ची टपावर बांधलेली, सगळा वारा अडवणारी. दर खेपेला कराडला चार्जिंगसाठी थांबावं लागे.

"मला घरीच ठेवत जा रे, थेट पोहोचाल," अप्पा म्हणायचे. आणि कराड आलं की काच खाली करून, चार्जिंग होईस्तोवर, येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं गाव विचारत बसायचे.

रघुवीर स्क्रीनकडे बघत राहिला. अप्पा गेल्यापासून त्याला रडू आलं नव्हतं. आत्ताही आलं नाही.

"निघायचं ना?" शैलजाने विचारलं.

तो उतरला. घरातून रिकामी खुर्ची घेऊन आला, टपावर चढवली आणि नेहमीसारखी दोन्ही बाजूंनी दोरीने आवळली. तो पुन्हा आत येऊन बसला, तेव्हा स्क्रीनवरचा मजकूर बदलला होता : कराडला थांबावं लागेल.

"थांबू," तो म्हणाला आणि त्याने गाडी बाहेर काढली.