ओमच्या मळ्यातली कॉफी

"पाव किलो ना, गुरुजी?" देवकाबाईनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कढईत उलथनं फिरवलं.

हिंगणीच्या बाजारात मिरच्या, बांगड्या, चपला सगळं मिळायचं. पण चुलीवर कॉफीच्या बिया भाजून विकणारी बाई ही एकच. "करपलेल्या चन्याचं पानी पिऊन राह्यले सायेब लोक," असं शेजारची भाजीवाली शोभाबाई म्हणायची. पण धरणावरचे साहेब आणि फॉरेस्टवाले नेमानं पुड्या न्यायचे आणि देवकाबाईची चूल त्यावर पेटायची.

हरिभाऊ गुरुजींना कॉफी मुळीच आवडत नसे. कडू जहर नुसतं! तरी चार वर्षांत त्यांचा एक बाजार चुकला नव्हता. नेलेली पुडी ते कुठल्यातरी पाहुण्याच्या गळ्यात मारायचे.

"बोटाले शाई लागली तुमच्या," ती म्हणाली.

"अं? हो. पोरांच्या वह्या तपासत होतो सकाळी."

गुरुजी एप्रिलमध्येच रिटायर झाले होते.  देवकाबाईनं बिया सुपात ओतल्या आणि फुंकर घालून फोलपटं उडवली.

आज संध्याकाळच्या एसटीनं गुरुजी कायमचे नागपूरला, मुलीकडे निघाले होते. त्याआधी त्यांना देवकाबाईला खरं काय ते सांगायचं होतं. त्यासाठी ते सकाळपासून देवापुढे बसून आले होते.

ओमप्रकाश हा तिचा एकुलता एक. बहात्तरच्या दुष्काळात पोट भरायला दक्षिणेत, कॉफीच्या मळ्यावर गेला. देवकाबाईला अक्षर ठाऊक नाही, म्हणून त्याचं टपाल गुरुजींच्या मार्फत यायचं. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यानं मायसाठी बियांचं पोतं धाडलं. मागोमाग त्याच्या सोबत्याचं, प्रेमदासचं कार्ड आलं. कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला होता. तसं कार्ड म्हणजे मयताचा निरोप, हे वाचता न येणाऱ्यालाही कळतं. ओम तापानं गेला होता आणि त्याला अग्नीही तिकडेच दिला होता.

गुरुजी ते कार्ड घेऊन निघाले. देवकाबाई दारात बिया भाजत बसली होती. "माह्या पोरानं धाडलं," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.  गुरुजी तसेच माघारी फिरले, घरी येऊन कार्ड चुलीत घातलं आणि कोऱ्या कार्डावर स्वतःच लिहिलं, 'मी खुशाल आहे.'

एकदा खोटं बोलले आणि अडकले. मग दर दोन-तीन महिन्यांनी ओमचं कार्ड लिहायचं. वर्षातून दोनदा नागपूरच्या व्यापाऱ्याकडून बिया आणायच्या आणि ओमनं पाठवल्या म्हणून सांगायचं. वर स्वतःच आणलेल्या बिया तिनं भाजल्या की स्वतःच विकत घ्यायच्या! काय म्हणावं या माणसाला!

नागपूरहून धाडावं तर शिक्का नागपूरचाच पडणार, म्हणजे आता बिया बंद होणार, कार्डही बंद होणार. ही बाई मरेपर्यंत वाटेकडे डोळे लावून बसेल, याचं गुरुजींना फार वाईट वाटत होतं.

"देवकाबाई, थोडं बोलायचं होतं."

"बोला ना." ती खलबत्त्यात बिया कुटत होती.

 गुरुजींचा हात खिशात गेला. हिंमत झाली नाही तर असावं म्हणून सकाळीच लिहून ठेवलेलं कार्ड हाताला लागलं.

"ओमचं कार्ड आलंय," ते म्हणाले.

कुटणं थांबलं. "वाचा."

"तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. आता आणखी लांबच्या मळ्यावर जात आहे. तिथे टपालाची सोय नाही. कार्ड आले नाही तर काळजी करू नये."

"आई म्हन्ते," देवकाबाई म्हणाली. "इथं होता तवा जलमभर माय म्हने."

"तिकडं शिकला असेल."

"असंन." तिनं कार्ड घेऊन पदराखाली धरलं. आधीची सगळी कार्डं ती बियांच्या पोत्यात घालून बाजारालाही सोबत आणायची.

"मीही चाललो," गुरुजी म्हणाले. "नागपूरला, मुलीकडे. डोळे साथ देत नाहीत."

देवकाबाईनं खलबत्ता बाजूला सारला. "जा गुरुजी. लय वाचलं तुमी माह्यासाठी. आता कारड नाई आलं तरी चालते मले. तुमी जिवाले लावून नोका घेऊ."

मग ती पाठ फिरवून पिशवी भरत बसली. एका पुडीला इतका वेळ काऊन लागून राह्यला, असं शोभाबाईनं विचारलंसुद्धा.  गुरुजी पैसे काढू लागले, तर देवकाबाईनं त्यांचा हात मागे सारला.

"आज नाई घेत. तिकडं पोचल्यावर उघडजा."

एसटीत बसेपर्यंत गुरुजी स्वतःला शिव्या घालत होते. भेकड म्हातारा! चार वर्षांत एक वाक्य बोलता आलं नाही! पिशवीतून भाजक्या कॉफीचा वास गाडीभर पसरला. "कोनाचं काय करपलं हो?" असं कंडक्टर ओरडला आणि लोक हसले.

सेलूच्या अलीकडे त्यांचा जीव जरा शांत झाला. आपण भेकड असू, पण एका मायचं लेकरू तिच्यापुरतं तरी जिवंत ठेवलं, असं त्यांना वाटलं. डोळे भरून आले.

पिशवी मात्र पाव किलोच्या मानानं जड होती. त्यांनी पुडी बाहेर काढली. खाली सुतळीनं बांधलेला कार्डांचा गठ्ठा होता. सगळी त्यांच्याच अक्षरातली. वर आजचं कार्ड होतं, सगळ्यात खाली चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यातलं पहिलं.

एकूण एक कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला होता.