ओळीच्या मध्यावर

कुमासी शहरातल्या प्रार्थनाघरातला अँप्लिफायर गुणगुणायचा. मेकॅनिक ओपोकूने महिनाभर टाळून अखेर तो उघडला. आतला कपॅसिटर, वीज धरून ठेवणारी डबी, वर्षापूर्वी त्यानेच बसवला होता आणि हादरे लागू नयेत म्हणून खाली बायकोच्या, सेरवाच्या, लुगड्याची चिंधी घातली होती. तिला मातीत ठेवलं, त्याच आठवड्यात.

“मास्तर, मी स्तोत्र गातो, तर मागून दुसरंच कुणी गातं,” पाद्रीबाबा म्हणाले. “माझ्यापेक्षा सुरेल, फक्त ओळीच्या मध्यावर दम घेतं. आतला भाग नवा घाला.”

ओळीच्या मध्यावर दम घेऊन पुढे गाणारी एकटी सेरवाच होती.

ओपोकूने रबरावर नवा कपॅसिटर बसवला. आवाज स्वच्छ झाला.

“देव तुमचं भलं करो,” पाद्रीबाबा म्हणाले.

जुना कपॅसिटर त्या चिंधीत गुंडाळून ओपोकूने कानाशी नेला. कुठल्याच तारेला न जोडलेल्या त्या तुकड्यात सेरवाने दम घेतला.

तो तिने अजून सोडलेला नाही.