सुट्टीतला सापुतारा

“आवो, पोट्टं पाहा! मयुरीचे बाबा!”

तारा दुसऱ्यांदा ओरडली. चार वर्षांचा नितीन कड्याच्या कठड्याकडे सुसाट पळत होता. त्याचा बाप तिथून चार हातांवर पाठ करून बसला होता. कुल्फीवाल्याने वळून पाहिलं, भाड्याचं घोडं बिचकलं, पण काशिनाथची मान काही हलली नाही. शेवटी ताराच हातातली पिशवी टाकून धावली. पोराचं डोकं गजांतून पार बाहेर गेलं होतं. तिने त्याला चड्डीला धरून मागे ओढलं आणि पाठीत एक धपाटा घातला. नितीनने भोकाड पसरलं. बाप समोरच्या उतारावरची खुरासणीची पिवळीधमक शेतं बघत शेंगा सोलत होता.

माणूस आहे की दगड! पण ताराला नवल वाटलं नाही. कसा आहे हा, ते तिला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं.

तेव्हा स्नेहा दहा महिन्यांची होती. सुरतेत पर्वत पाटियाच्या मागे त्यांची खोली, आजूबाजूला सगळे कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने. काशिनाथ बारा तासांची रात्रपाळी करून यायचा आणि पोरांचा कलकलाट नको म्हणून माळ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत आतून कडी लावून झोपायचा. दिवसा उठवायचं नाही, झोपमोड झाली की रात्री मशीनवर डुलकी लागते, असं त्याने बजावून ठेवलं होतं. एका दुपारी तापाने फणफणलेल्या स्नेहाला झटके आले. तारा तिला काखेत घेऊन माळ्यावर गेली, मुठीने दार बडवलं, घसा फाटेस्तोवर ओरडली. पाया पडते, उठा म्हणाली. आतून ना हूं ना चूं. मग ती एकटीच रिक्षा शोधत धावली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याने ऐकलं असणार, आणि कूस बदलून पडून राहिला असणार. तिने त्याला कधी विचारलं नाही. विचारून पोर थोडीच परत येणार होती? पण चुलीशी भाकऱ्या थापताना, भांडी घासताना ती त्याच्याकडे पाठ करून पुटपुटायची, शिव्या द्यायची, कधी मुद्दाम मोठ्याने रडायची. तो एका शब्दाने उत्तर द्यायचा नाही. खाली मान घालून जेवायचा आणि पाळीवर जायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

दिवाळीत लूम बंद. मयुरीच्या वर्गातल्या मुली दरवर्षी सापुताऱ्याला जातात, म्हणून तिने यंदा हट्ट धरला. तारानेही हो म्हटलं. त्याला एक कारण होतं. दोन दिवसांनी भाऊबीज. ती पोरांना घेऊन मलकापूरला माहेरी जाणार होती आणि परत सुरतेत पाय ठेवणार नव्हती. भावाला तसं पत्रही गेलं होतं. काशिनाथला वाटत होतं, बायको ओवाळायला चालली. पोरांनी बापाबरोबर एकदा डोंगर पाहावा, एवढंच तिच्या मनात होतं.

“आई, मागून नको ना ओरडू,” मयुरी तिचा पदर ओढत म्हणाली. “बाबांना मागून नाही ऐकू येत. समोर जावं लागतं, नाहीतर शर्ट ओढायचा.”

“कोणी सांगितलं तुला?”

“कोणी नाही. मी करून पाहिलं.” सात वर्षांची पोर सहज बोलून गेली आणि नितीनला घेऊन कुल्फीवाल्याकडे पळाली.

तारा काशिनाथच्या मागे जाऊन उभी राहिली. हात लांबवला असता तर खांद्याला लागला असता. इथे लूमची खटखट नव्हती, नुसता वारा होता.

“मी पोरायले घेऊन चालली,” ती म्हणाली. “वापस येणार नाही.”

तो शेंगदाण्यांची फोलपटं फुंकत राहिला.

“स्नेहा!” ती किंचाळली. कुल्फीवाला पुन्हा वळला. काशिनाथने दाणे पोरांसाठी रुमालात बांधले.

सुरतेत चोवीस तास खटखटाट. तिथे जो तो दुसऱ्याच्या तोंडासमोर जाऊन ओरडतो. कोणाला ऐकू येतं आणि कोणाला नाही, कळणार कसं? ती पुढे होऊन त्याच्यासमोर मातीतच बसली.

“तुम्हाले ऐकू येत नाही?”

तो तिच्या ओठांकडे बघत ओशाळवाणा हसला. “मशीनवर साऱ्यायचंच होते असं. सेठले नको सांगू. आन् अगदीच बहिरा नाही मी. बारीकसारीक येत नाही. कोणी ओरडलं, दार वाजवलं, तर येते बरोबर.”

दोन वर्षांत पहिल्यांदा ती अशी समोर बसली होती. त्यामुळे त्याला धीर आला असावा. त्याने रुमालाची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली.

“तू तर माह्याशी बोलणंच टाकलं. आज तोंडाकडे पाहून बोलली, म्हणून एक विचारतो. राग नको धरू.” त्याने गाठीवरची नजर तिच्या ओठांवर आणली. “मी वरच तर होतो, तारे. त्या दिवशी तू मले उठवलं काहून नाही?”