कुंकवाचं बोट
लकवा होऊन चार महिने झाले होते. अंजनगावहून आलेल्या फिजिओथेरपिस्ट पौर्णिमाताई मैनाबाईंच्या खाटेजवळ बसल्या होत्या. मैनाबाई स्वतःचं काय काय करू शकतात, ते विचारून गुण द्यायचे होते. पण प्रत्येक उत्तर सून सीमाच देत होती. "जेवण?" "मीच भरवते न, ताई." "वेणी?" "मीच घालते. आत्याबाईले फणीले हातबी लावू देत नाही." सासूला 'आत्याबाई' म्हणणाऱ्या सीमाच्या आवाजात अभिमान होता. कागदावर शून्याखाली शून्य पडत गेलं. "त्यांना कधी करू दिलंस का?" ताईंनी विचारलं. सीमा गोरीमोरी झाली. "सासू आपल्या हातानं जेवून राहिली दिसली, तं लोक मले काय म्हनतीन?" ताई निघाल्या तेव्हा सीमानं कुंकवाचा करंडा आणला. पाहुणीला पहिलं बोट घरातल्या मोठ्या बाईनं लावायचं, आणि तेही उजव्याच हातानं. सीमानं सवयीनं सासूचा अधू उजवा हात धरला. "सोड," मैनाबाई म्हणाल्या. तो हात थरथरत करंड्यात गेला, तिथून कपाळाकडे निघाला आणि ताईंच्या भुवईवर टेकला. ताईंनी कुंकू पुसलं नाही. त्या पुन्हा खाली बसल्या. "सीमा, ताट वाढ आणि फक्त समोर ठेव." सीमानं ताट ठेवलं, पण तिची नजर उघड्या दाराकडे होती. समोरच्या ओट्यावर शेजारणी बसल्या होत्या. ताट पुढ्यात ओढून घेत मैनाबाई म्हणाल्या, "सांगजो त्याइले, म्हातारी लय खट हाय, कोनाचंच आयकत नाई."