भरीव गोंदण

निर्मळच्या जत्रेत गोंदणाऱ्याने प्रेमलाचा हात उजेडात धरला. लग्नात गोंदलेलं नवऱ्याचं नाव पुसट झालं होतं. "ठळक करायचंय? मग नाव सांगा, मावशी. अक्षरं लागत नाहीत." नवऱ्याचं नाव प्रेमलाने कधी तोंडातून काढलं नव्हतं आणि तिला वाचताही येत नव्हतं. "बरोबर कोणी आलंय?" "घरात आम्ही दोघंच होतो. ते श्रावणात गेले." त्याने दोन नळ्या पुढे केल्या. "या बारकीत एक सुई, अक्षरं कोरायला. या मोठीत सुयांची जुडी, रंग भरायला. हिने नाव बुजून काळा पट्टा होईल." "पट्टा तर पट्टा. राहील तरी." त्याने मोठी नळी बॅटरीच्या यंत्राला बसवली. ते घरघरू लागलं. त्या आवाजात, समोरच्या माणसालाही ऐकू जाणार नाही अशा बेताने, प्रेमलाने नवऱ्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली.