निम्मे होकार

१९९५ साली, जूनमध्ये, तोक्योजवळच्या एका वॉर्ड ऑफिसात वृंदा मोरिता आणि तिच्या ओळखीतला उदय शेजारी शेजारी बसले होते. समोर सर्वेक्षण विभागाचे ओनोदेरा-सान. टेबलावर बार्लीचा गार चहा. उदयने त्याला हात लावला नव्हता.

काम साधं होतं. भाड्याच्या घरांच्या दलालांची वीस दुकानं. आधी वृंदाने फोन करायचा. इतक्या वर्षांच्या संसारात जपानी तिच्या जिभेत मुरलं होतं. जपानी नवऱ्याचं आडनाव सांगितलं, की पलीकडून उत्तर यायचं, "घर रिकामं आहे, या." मग त्याच घरासाठी उदयने दुकानात जायचं. त्याचा चेहरा बघून दलाल वाकून माफी मागायचा. "आत्ताच गेलं हो." विसांपैकी एकानेही त्याला घर दाखवलं नाही.

हे आकड्यांत दिसलं, की परदेशी कुटुंबांना घरभाड्यासाठी वॉर्ड स्वतः जामीन राहणार होता, असा प्रस्ताव होता. उदयला महिनाअखेर कंपनीचं गेस्टहाउस सोडायचं होतं. सलोनीला, त्याच्या बायकोला, सातवा लागला होता.

ओनोदेरा-साननी रंगीत तक्ता दोन्ही हातांनी पुढे केला. एक वर्तुळ, बरोबर मधोमध कापलेलं.

"परदेशी नागरिकांनी चाळीस वेळा विचारणा केली," ते म्हणाले. "वीस होकार. निम्मे! आनंदाची गोष्ट आहे. प्रस्तावाची गरज दिसत नाही."

"वीस होकार कुठले?" वृंदाने विचारलं.

"तुमचे, मोरिता-सान. तुमचा पासपोर्ट भारताचाच आहे ना?"

"पण फोनवर मी त्यांना जपानी वाटले! म्हणूनच तर..."

"कुणाला कोण काय वाटलं, असा रकाना आमच्याकडे नाही." ते मऊ हसले. "वंश विचारणं हाच भेदभाव होईल."

"काय म्हणतायत, काकू?" उदयने मराठीत विचारलं.

"म्हणतायत, मला वीस घरं मिळालीत. त्यातलं एक तू घे."

उदय हसायला गेला. जमलं नाही. "सलोनीला काय सांगू?"

वृंदाला शिसारी आली. माणूस उद्धट असता तर परवडला असता. ओनोदेरा-सान लिफ्टपर्यंत सोडायला आले आणि दार बंद होईस्तोवर वाकून उभे राहिले.

उदयने सलोनीला पुण्याला पाठवलं. मुलगी झाली. बापाने तिला पाहिलं तेव्हा ती पालथी पडू लागली होती. पुढे ते सिंगापूरला गेले ते तिकडचेच झाले. ओनोदेरा-सान विभागप्रमुख झाले. ते वर्तुळ वॉर्डाच्या पुस्तिकेत छापून आलं.

नवरा वारल्यावर वृंदाने लहान घरासाठी एका दलालाला फोन केला. "रिकामं आहे, या," तो म्हणाला. दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. ती दारात उभी राहिली. त्याने वर पाहिलं, आणि तो वाकू लागला.